ओला मका ताडपत्रीखाली कोंडू नका

शेतकरी बांधवांनो, परतीचा पाऊस डोक्यावर आहे आणि चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा पट्ट्यात मका खळ्यावर येतोय. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण ओला मका झाकून विसरू नका.

दरवर्षी हेच होतं. आभाळ आलं की ढिगावर ताडपत्री पडते, पाऊस उघडतो आणि ताडपत्री दोन-तीन दिवस तशीच राहते. आत हात घातला की वाफ लागते. अळीनं कोरलेल्या कणसाच्या शेंड्याला हिरवट-पिवळी भुकटी दिसते. ही अस्परजिलस बुरशी. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. शिजवून, भाजून, दळून ते जात नाही. गाई-म्हशींनी खाल्लं की दुधात उतरतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असाच भिजलेला, बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. तीही आपल्यासारखीच मक्याची भाकर खाणारी आदिवासी गावं होती.

पाऊस थांबला की तासाभरात ताडपत्री काढा. रात्री झाकायचंच असेल तर बाजूनं हवा खेळू द्या.

बाकी कामं:
- कणसं वाळवूनच मळणी
- फुटके, किडके दाणे वेगळे
- दाणे पुन्हा उन्हात, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत
- भुईमूग शेंगा ८ टक्क्यांपर्यंत
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब

ओलावामापक नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोती भरू नका. दाताखाली दाणा कट्टकन फुटला तर वाळला, असं जुनी माणसं म्हणतात. माझाही त्यावर भरवसा आहे, पण मिठानं खात्री करून घ्या.

विष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासणी. अतिनील दिव्याखाली भरडलेला मका हिरवट-पिवळा चमकला तर संशय धरायचा. पक्कं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. एलायझा चाचणीत विषाला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं वापरतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं तिचा स्वस्त संच तयार केला आहे. धान्यात मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम, दुधात ०.५. एवढं विष मूठभर सडक्या दाण्यांतूनही येतं, त्यामुळे वरचीच ओंजळ नमुना म्हणून नेऊ नका. बऱ्याच पोत्यांतून, वरून-मधून-खालून थोडं थोडं काढा आणि एकत्र करून मगच द्या.

दुकानदार आता ‘विष मारणारी’ पावडर पुढे करेल. काही माती-पावडरी जनावराच्या पोटात थोडं विष धरून ठेवतात हे खरं, पण सडलेला मका त्यानं चांगला होत नाही. तेच पैसे जास्तीच्या ताडपत्रीला आणि वाळवायच्या मजुरीला लावा. पुढच्या हंगामात भुईमुगाच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किलोला ५ ग्रॅम चोळा, तेवढं पुरे.

बुरशीचा मका चांगल्यात मिसळून खपवू नका, कोंबड्यांनाही टाकू नका, लहान पिल्लं लवकर मरतात. सरकी ढेप घेताना पोतं फोडून आतला तुकडा मोडून बघा. कुबट वास आला किंवा आत काळी-हिरवी जाळी दिसली तर पोतं तिथेच परत करा, दुभत्या जनावरापुढे टाकू नका.