खानापूरच्या रानात कोयता चालवताना या चुका टाळा

बांबूचं बेट दरवर्षी बारीक होत चाललं की बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, दोष गव्यांना जातो. आधी बेटाची कड बघा. कडेचे बांबू काढायला सोपे, म्हणून तेच आधी तुटतात. पण नवे कोंब कडेनंच फुटतात आणि त्यांना पोसतात शेजारचे एक-दोन वर्षांचे बांबू. ते नेले की मधे जुन्यांची गच्च अडगळ उरते, कोंब बोटाएवढा येतो. एका बाजूनं वाट पाडून आत शिरा आणि तीन वर्षांपुढचेच काढा. कोवळा ओळखायला सोपा: हिरवागार, पेरांना कोषाची साल चिकटलेली. जून पिवळट, अंगावर पांढरे डाग. तोड जमिनीजवळ, पेराच्या गाठीच्या लगेच वर घ्या. गाठ खाली सोडून मधेच तोडला तर नळीत पाणी साचून खुंट कुजतो.

जून ते सप्टेंबर कोयता लावू नका, ते कोंबांचे दिवस. काही जण अमावास्या पाहून तोडतात. खुशाल पाहा, पण आधी महिना पाहा!

मेस जातीच्या बांबूला फुलोरा आला तर ते बेट मरणारच, खतपाणी घालून वाचत नाही. बी पडेपर्यंत थांबा, मग तोडा आणि रोपं वर येईतो तिथं गुरं सोडू नका.

जळणासाठी ऐन, किंजळ तोडलात आणि बुंधा पुन्हा फुटलाच नाही? बहुतेक खोड चिरलं असेल. कुऱ्हाडीला धार हवी, घाव तिरका हवा, म्हणजे पाणी निथळतं. फुटवे आले की दोन-तीन जोमदार ठेवा, बाकीचे खुडा. सगळेच ठेवले तर काटक्याच मिळतील.

वणव्याचं सांगायला नकोच, तरी दर मार्चात बांध पेटवताना आग रानात शिरते. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, जानेवारीतच झाडून ठेवा. जळालेल्या मोकळ्या जागी रानमोडी हे तण घुसतं. ती फेब्रुवारीत कापण्यात अर्थ नाही, बी उडायला लागलेलं असतं. पाऊस ओसरताना, माती ओली आणि फुलं यायची असताना मुळासकट उपटा.

आणि मालकीचं रान म्हणून बिनधास्त झाड पाडू नका. कर्नाटकाच्या 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं परवानगी लागते, काही जाती सोडून. अर्ज कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी झाडांची जात, संख्या आणि सर्व्हे नंबर जाणकाराकडून वाचून घ्या.