नॅनोचे शॉर्टकट सगळ्या टर्मिनलवर सारखे कसे चालवायचे

नागपूरच्या मिहानला (आयटी कंपन्यांचा भाग) जाणाऱ्या पोरांची ही नेहमीची तक्रार: ऑफिसात पुटीवर (विंडोजवरून सर्व्हरला जोडायचा प्रोग्राम) आल्ट-यू दाबलं की नॅनोत (टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर) अनडू होतं, घरी मनीषनगरात मॅकवरून त्याच सर्व्हरला जोडून तेच दाबलं तर अक्षरावर दोन टिंबं येऊन बसतात. काहून असं, भाऊ? तर एडिटरला तुमचा कीबोर्ड दिसतच नाही, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, जे कोड पाठवतं तेवढंच त्याला कळतं, आणि प्रत्येक टर्मिनलचा पाठवायचा रिवाज थोडा वेगळा.

म्हणून आधी बघायचं की बटण दाबल्यावर जातं काय. कमांड लाइनवर कंट्रोल-व्ही दाबा, मग हवी ती की. होम दाबलं तर एकीकडे ^[[एच दिसेल, पुटीत ^[[1~. विंडोज टर्मिनलमध्ये मात्र कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, तिथे ‘कॅट -व्ही’ चालवून की दाबून बघा. कंट्रोल-आय आणि टॅब दोन्हीचा कोड 9 आहे, कंट्रोल-एम आणि एंटरचा 13, त्यामुळे यांना वेगवेगळी कामं द्यायच्या भानगडीत पडूच नका, साध्या टर्मिनलवर ते होत नाही. कंट्रोलसोबत शिफ्ट दाबून अक्षर दिलं तरी बहुतेक ठिकाणी शिफ्ट गळूनच जातो.

आल्ट म्हणजे खरं तर एस्केप आणि मागे अक्षर. मॅकच्या टर्मिनलमध्ये सेटिंग्ज, प्रोफाइल्स, कीबोर्डमध्ये जाऊन ऑप्शनला मेटा की करायची टिक लावा, आयटर्म या मॅकच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये डाव्या ऑप्शनला ‘एस्केप+’ निवडा. पण दरवेळी दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन हे कोण करत बसणार, माझं मत विचाराल तर आल्ट सोडा न् कंट्रोल-अक्षर धरा, ते सगळीकडे जवळपास सारखंच जातं.

सर्व्हरवर होम फोल्डरमध्ये ‘.नॅनोआरसी’ ही नॅनोची सेटिंग फाइल उघडा, नसेल तर बनवा, आणि या दोन ओळी इंग्रजी अक्षरांत टाका:

बाइंड ^झेड अनडू मेन
बाइंड ^वाय रीडू मेन

^ म्हणजे कंट्रोल, मेन म्हणजे लिहायची मुख्य खिडकी. कंट्रोल-वायने आधी एक पान वर जायचं, ते आता बंद होईल, त्यासाठी पेज अप वापरा. मॅकवरच लोकल काम करत असाल तर एक लक्षात घ्या, मॅकओएस 12.3 पासून ‘नॅनो’ टाइप केलं की पिको नावाचा दुसराच एडिटर उघडतो आणि तो ही फाइल वाचत नाही, होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम टाकायचं साधन) खरा नॅनो टाकावा लागतो.

विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांसाठी एवढंच: सेव्ह करायला कंट्रोल-एस लावलं आणि स्क्रीन गोठली तर घाबरू नका, टर्मिनलने आउटपुट थांबवलंय, कंट्रोल-क्यूने सुटतं. कायमचं घालवायचं तर ‘.बॅशआरसी’ या बॅश शेलच्या सेटिंग फाइलमध्ये ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही ओळ टाका.

नॅनो बंद करून परत उघडा आणि कंट्रोल-जी दाबा, मदतीच्या यादीत अनडूसमोर ^झेड दिसलं की झालं.