चाळिशीत पुन्हा कॉलेज: लिहिताना या चुका टाळा

वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा शिकायला बसणारे बहुतेक जण वयाला आणि इंग्रजीला घाबरतात. गुण मात्र जातात लिहिण्यात. इतकी वर्षं लिहिलेलं असतं, पण ते अर्ज, नोंदवह्या, बिलं आणि व्हॉट्सॲप. कॉलेजात लागतं ते लिखाण वेगळं: विधान करायचं, त्याला पुरावा द्यायचा आणि थांबायचं.

कागदपत्रं आधी उरका

बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही नेहमीची अडचण. अभ्यासक्रमात मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) साठवणारा एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी डिजिलॉकरवरून, म्हणजे आधारच्या नावानं निघतो. नाव जुळलं नाही की पुढे क्रेडिट अडकू शकतात. विवाह नोंदणी दाखला चालेल की राजपत्रातला नावबदल लागेल, हे प्रवेशाआधीच कार्यालयात विचारा. शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही तेव्हाच करून ठेवा.

‘एफ.वाय., एस.वाय. झालंय, टी.वाय. तेवढं राहिलंय’ म्हणणाऱ्यांनी थेट तिसऱ्या वर्षाची फी भरू नये. मधल्या काळात अभ्यासक्रम बदललाय. जुन्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवरचं तोंडी ‘चालतंय की’ उद्या कामाला येत नाही.

गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फिरती शिफ्ट असेल, तर नियमित कॉलेजची 75 टक्के हजेरी जमणं अवघड. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. हवा तो विषय यंदा आहे का, एवढं आधी पाहून घ्या.

प्रस्तावनेत वेळ घालवणं

प्रौढ विद्यार्थ्याच्या उत्तरातली पहिली पाच-सहा वाक्यं बहुतेक वेळा भाषणाची असतात. शाहू महाराजांच्या आरक्षण धोरणावरचा प्रश्न घ्या. उत्तर सुरू होतं ते असं:

‘राजर्षी शाहू महाराज हे एक थोर समाजसुधारक होते. त्यांनी बहुजन समाजासाठी अनेक महान कार्ये केली. त्यांचे कार्य आजही प्रेरणादायी आहे.’

तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि तिन्हींना शून्य गुण. ‘शाहू’ काढून दुसरं कुणाचंही नाव घातलं तरी ती तशीच चालतील. स्वतःचं लिखाण तपासायची हीच कसोटी ठेवा: नाव बदलून वाक्य टिकत असेल तर ते खोडा. आता हे बघा:

‘26 जुलै 1902 च्या हुकुमानुसार करवीर संस्थानात त्या तारखेनंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या.’

इथे तारीख आहे, प्रमाण आहे, आणि ‘रिकाम्या होणाऱ्या’ हा तपशील आहे. पुष्कळ जण ‘सर्व नोकऱ्यांत 50 टक्के’ असं लिहून मोकळे होतात. हुकूम नव्यानं भरायच्या जागांपुरता होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे ‘मागासलेले’, अशी व्याख्याही त्यातच होती. हे लिहिलं की पुढच्या चर्चेला आपोआप दिशा मिळते.

प्रश्नातलं क्रियापदही अधोरेखित करा. ‘टीप लिहा’ला माहिती पुरते. ‘चर्चा करा’ला दोन बाजू लागतात, ‘मूल्यमापन करा’ला तुमचा निर्णय आणि त्याची कारणं. माहितीच्या चार पानांवर निम्मेच गुण का पडले, याचं उत्तर बऱ्याचदा त्या क्रियापदातच सापडतं.

सरकारी मराठी

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात आले’ हे ऑफिसातून आलेलं सामान. त्यातलं ‘करण्यात आले’ सगळ्यात घातक, कारण काम कुणी केलं ते त्यात लपतं. ‘वसतिगृहे सुरू करण्यात आली’ याऐवजी ‘महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं’ असं लिहा. कर्ता लिहायचा म्हटलं की तो माहीत आहे का, हे तपासावंच लागतं. कर्ता खरंच माहीत नसेल तेव्हाच कर्मणी वापरा.

अनुभव: एक तर सगळाच, नाही तर अजिबात नाही

प्रौढ विद्यार्थ्याकडे जे असतं ते एकोणीस वर्षांच्या पोराकडे नसतं. पण काही जण उत्तराची आत्मकथा करतात, तर काही अनुभव ‘अभ्यासाबाहेरचा’ म्हणून सोडून देतात. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर काम करणाऱ्यानं अर्थशास्त्राच्या स्वाध्यायात ‘शेतकऱ्याला योग्य भाव मिळत नाही’ एवढंच लिहिणं म्हणजे हातचा पुरावा फेकणं. त्यानं लिहावं: सौद्यात रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून बघतात, रंग पिवळाधमक असला की बोली चढते, म्हणून काही गुऱ्हाळवाले रंग उजळवणारी हायड्रोस पावडर टाकतात. ग्राहकाला गुणवत्ता दिसत नाही, रंग दिसतो, आणि भाव रंगावर ठरतो. इथेच माहितीच्या विषमतेची संकल्पना जोडा. प्रमाण असं ठेवा: अनुभवाची दोन-तीन वाक्यं, मग संकल्पना, मग पुस्तकाचा आधार. ‘मी’ एकदाच आला तरी पुरे.

बोली कुठे ठेवायची

उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहा. कथा-ललित लिहिताना मात्र उलटी चूक होते: गंगावेशीतला पैलवान ‘तू काय करत आहेस?’ असं पुस्तकी विचारतो. तो ‘काय करालायस रं?’ असंच म्हणेल. संवाद बोलीत, निवेदन तुमच्या निवडीचं. पण निवड केली की शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक वाक्यात ‘नाद खुळा’ पेरल्यानं कोल्हापूर उभं राहत नाही.

गाईड आणि एआय

गाईडमधून उतरवलेली ओळ परीक्षक लगेच ओळखतो, कारण तीच ओळ त्यानं त्या दिवशी कित्येकदा वाचलेली असते. मशीननं लिहिलेलं मराठीही उघडं पडतं: ‘महत्त्वाची भूमिका बजावते’, ‘च्या माध्यमातून’, सगळे परिच्छेद सारख्या लांबीचे. उपाय जुनाच आहे. पुस्तकाचं पान वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा, मग उघडून आकडे तपासा. वहीत शेजारीच पान क्रमांक टिपा, नाही तर संदर्भ देताना रात्र जाते. पुस्तकांसाठी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहेच. 1850 पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्वही घेऊन ठेवा.

शुद्धलेखन चुकीच्या वेळी

पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलात तर विचार तुटतो. ते शेवटच्या वाचनाला ठेवा. सगळे नियम पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आपल्या नेहमीच्या दहा चुकांची यादी करा, तेवढी पुरते. बहुतेकांच्या यादीत हे असतंच: विहीर पण विहिरीत, फूल पण फुलाला, कवी पण कविसंमेलन.

फाईल आणि हात

जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला प्रकल्प कॉलेजच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. युनिकोडमध्येच टाइप करा आणि सोबत पीडीएफ द्या. इनस्क्रिप्टवर ‘दुसऱ्या’तला ऱ्य येत नसेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ दाबा.

परीक्षा अजून पेनानंच द्यायची आहे. दुसऱ्या तासाला बोटं आखडतात, कारण सवय गेलेली असते. परीक्षेआधी दोन महिने रोज 20 मिनिटं घड्याळ लावून हातानं लिहा, मग वेळ वाढवत न्या. 3 तासांत 80 गुण असतील तर एका गुणाला सव्वादोन मिनिटं पडतात. 16 गुणांचा प्रश्न 36 मिनिटांत संपला पाहिजे.

‘कसं वाटलं?’ विचारणं

उत्तर येतं ‘छान’. त्यापेक्षा वाचणाऱ्याला विचारा: कुठे कंटाळा आला? कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं? कुठली गोष्ट पटली नाही? त्याआधी स्वतः मोठ्यानं वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

निकालावर नाराज असाल तर नुसत्या फेरमोजणीचा अर्ज करू नका, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. मुदत थोडीच असते, म्हणून निकालाच्या दिवशीच परिपत्रक बघा. प्रत आली की प्रत्येक प्रश्नापुढे मिळालेले गुण आणि लिहिलेली पानं मांडा. पानं जास्त आणि गुण कमी, असा जो प्रश्न दिसेल तो पुढच्या आठवड्यात निम्म्या पानांत पुन्हा लिहून शिक्षकांना दाखवा.