गाडी कधी चालू होते, कधी नाही? आधी आवाज ऐका

सकाळी झटकन चालू झालेली गाडी दुपारी जळगावच्या बाजारात उन्हात उभी केल्यावर अडून बसत असेल, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. सेल्फ मारताना येणारा आवाज ऐका.

नुसतं ‘टक्’ होऊन दिवे मंदावले, तर संशय बॅटरीवर, टर्मिनलवर (बॅटरीच्या वायरी जोडतात ती टोकं) किंवा अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीतून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या वायरवर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी निगेटिव्ह (−) वायर काढा, टर्मिनल गरम पाण्याने पुसा, कोरडं करून घट्ट आवळा. पुष्कळदा दुखणं इथेच मिटतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) साधारण १२.६ व्होल्ट दिसावेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली समजा. आपल्या खान्देशातल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती लवकरच थकते. दिवे लख्ख असूनही ‘टक्’च होत असेल, तर सेल्फची मोटर तपासा.

इंजिन फिरतं पण पेटत नाही, गार झाल्यावर मात्र चालू होतं? मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) आणि इंधनपंप बघायला सांगा.

प्रत्येक वेळी गाडी गरम होती की गार, किती वेळ उभी होती, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गॅरेजमध्ये ती नेमकी चालू होते, तेव्हा मेकॅनिकला हीच नोंद दाखवा.