मायनिंग मशीन दुसऱ्याच्या जागेत ठेवण्यापूर्वी

३,२५० वॅटचं एक एएसिक मशीन (फक्त बिटकॉइनसारख्या क्रिप्टोच्या मायनिंगसाठी बनवलेला संगणक) दिवसाला ७८ युनिट वीज खातं आणि जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतं. म्हणून होस्टिंगवाल्याला, म्हणजे मशीनसाठी जागा आणि वीज देणाऱ्याला, दराआधी हवेचं विचारा. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांत १५ अंशांचा फरक धरला, तर प्रत्येक मशीनमागे तासाला सुमारे ६५० घनमीटर हवा लागते. एक्झॉस्ट पंख्यांची एकूण क्षमता मशीनच्या संख्येने भागून पाहा. छापील आकड्यावर जाऊ नका. फिल्टर आणि जाळीमुळे प्रत्यक्ष हवा कमीच मिळते.

नेहमीचा घोळ म्हणजे मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा पुढे येणं आणि मशीनने तीच आत ओढणं. रॅकमधल्या मोकळ्या फटी पत्र्याने बंद आहेत का, ते पाहा. थर्मामीटर सर्वांत वरच्या मशीनच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाशी धरा, दारापाशी नव्हे.

वीज: २३० व्होल्टला हे मशीन १४ अँपिअर ओढतं, तेही अखंड. १६ अँपिअरच्या सर्किटवर ते चालेल, पण टिकणार नाही. २० चं सर्किट आणि त्याला साजेशी जाड वायर हवी. प्लग हाताला चटका देत असेल तर बहुधा जोड सैल आहे.

करारात सिरियल नंबर लिहून घ्या. ९५ टक्के अपटाइम (मशीन चालू राहण्याचा वेळ) ऐकायला बरा वाटतो, पण म्हणजे महिन्याला ३६ तास मशीन बंद! त्या तासांचे पैसे कोण भरणार, हेही लिहून घ्या. आधी एकच मशीन पाठवा आणि महिनाभर पूलवर (अनेक जण मिळून मायनिंग करतात ती सेवा) मशीनच्या हॅशरेटची, म्हणजे गणनेच्या वेगाची, २४ तासांची सरासरी तपासा.