पदकं मोजून आधार मोजू नका: संघातली तफावत कशी शोधायची

एका बैठकीत मला विचारलं, "पोरींना पोरांपेक्षा जास्त पदकं मिळतायत. मग त्यांना कमी मिळतं असं तुम्ही कशावरून म्हणता?" तेव्हा मी एका रोइंग (वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यती) संघाची व्यवस्थापक होते, त्याआधी आठ वर्षं कॉक्स म्हणून, म्हणजे वल्हवणाऱ्यांना दिशा आणि लय देणारी म्हणून, बोटीत बसले होते. कमी मिळतं हे रोज डोळ्यांनी दिसत होतं, पण हातात एकही आकडा नव्हता. गप्प बसले. पुढच्या हंगामात मात्र पहिल्या दिवसापासून एक वही घातली. नंतर आणखी दोन संघांसाठी तसंच काम केलं, आणि त्यातून जी पद्धत बसली ती इथे सांगते. उदाहरणं रोइंगची आहेत, पण पोहणं, कुस्ती, सायकलिंग कशालाही ती लावता येईल.

आधी त्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तुम्हालाही लागणार आहे. पदक दोन गोष्टींवर ठरतं: तुम्हाला किती मिळालं, आणि समोर किती जण किती तयारीने उभे होते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं रोइंग 1900 पासून आहे, स्त्रियांचं 1976 पासून. 1984 पर्यंत त्यांची शर्यत 1000 मीटरचीच होती, 2000 मीटर झाली 1988 मध्ये. पुरुषांच्या सात आणि स्त्रियांच्या सात अशा बरोबरीच्या शर्यती पहिल्यांदा 2021 मध्ये टोकियोत झाल्या. जिथे स्पर्धा उशिरा सुरू झाली तिथे स्पर्धक देश कमी, म्हणून थोड्या आधारातही पुढे जाता येतं. ज्यांनी लवकर हात घातला त्यांना तर भरभरून मिळालं. टोकियोत अमेरिकेच्या 113 पदकांपैकी 66 स्त्रियांची होती. त्यामागे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा 1972 चा टायटल नाइन हा कायदा आणि त्यामुळे शाळा-कॉलेजांत उभे राहिलेले मुलींचे संघ आहेत. म्हणजे तुमच्या मुलींना पदकं मिळाली यावरून त्यांना पुरेसं मिळालं असं ठरत नाही. कधी कधी इतकंच ठरतं, की बाकीच्यांनी आपल्या मुलींकडे त्याहून जास्त दुर्लक्ष केलं.

आता वही.

अंदाजपत्रकापासून सुरुवात करू नका. तिथे "संघाचा खर्च" अशी एकच ओळ असते आणि ती सगळ्यांना सारखीच दिसते. घड्याळापासून सुरुवात करा. सलग चार आठवडे रोज तीनच नोंदी: कोणती क्रू (एका बोटीतला चमू) किती वाजता पाण्यात उतरली, फिजिओच्या टेबलावर कोण किती मिनिटं होतं, आणि प्रशिक्षकाची मोटरबोट कोणाच्या मागे होती. वेळापत्रकात काय लिहिलंय ते उतरवू नका, प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. सगळी मेख इथेच आहे. आमच्या वेळापत्रकात फिजिओ सर्वांना 40 मिनिटं देत होता. पण मुलींची पाळी मुलांच्या लगेच नंतर होती, मुलांचं लांबायचं आणि नंतर जेवणाची घंटा व्हायची. मुलींना सरासरी 25 मिनिटं मिळाली. फिजिओला मी आकडा दाखवला तर तो खरोखर चकित झाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पहाटेचं शांत पाणी कोणाला मिळतं हेही असंच. 24 सकाळींपैकी 19 वेळा मुली दुसऱ्या पाळीत होत्या, वारा सुटल्यावर.

नोंद कोणी करायची? खेळाडूंनी तर नाहीच. निवड तोंडावर असताना कोणीही खरं लिहिणार नाही. बोटी लावणाऱ्या माणसाला किंवा सहायकाला सांगा, आणि दोन्ही संघांची नोंद होतेय हे सर्वांना आधीच कळू द्या. चोरून केलेली नोंद बैठकीत टिकत नाही.

घड्याळानंतर साहित्य. शर्यतीची बोट ठरावीक वजनाच्या क्रूसाठी बांधलेली असते. बोटीवर किंवा तिच्या कागदांवर ते वजन सापडतं. ते आणि क्रूचं सरासरी वजन शेजारी शेजारी मांडा. आमच्या मुली सरासरी 68 किलोच्या आणि बोट होती 90 किलोच्या माणसांची, मुलांनी चार हंगाम वापरून सोडलेली. अशी बोट पाण्यावर वर तरंगते, वाऱ्याला लागते, आणि वल्ह्याची उंची कितीही जुळवली तरी हात खांद्याजवळ जातात. यादीत "बोटी: मुले 3, मुली 3" असंच होतं. म्हणून संख्येपुढे आणखी दोन रकाने घाला: खरेदीचं वर्ष आणि पहिल्यांदा कोणी वापरली. प्रत्येक खेळात अशी एखादी "बोट" असते. कुठे सायकलचं खोगीर, कुठे बूट, कुठे छातीचं संरक्षक कवच.

प्रशिक्षकांकडे बघताना टोकियो ऑलिंपिकमधल्या प्रशिक्षकांपैकी स्त्रिया साधारण 13 टक्केच होत्या हा आकडा लोक सांगतात. खरा आहे, सांगावाही. पण तुमच्या संघापुरतं मला वेगळंच मोजावंसं वाटतं: पाच वर्षांत किती प्रशिक्षक बदलले. आमच्या मुलांचा एक, मुलींचे चार. जो नवा येई तो आधी मुलींची वल्हं मारायची पद्धत बदलायला घेई, आणि नवा फटका कुठे बसायला लागतोय तोवर तो निघून जाई. मुलींचा संघ म्हणजे नवशिक्या प्रशिक्षकाची उमेदवारी, असं कुठेही लिहिलेलं नसतं. करारांच्या तारखा मांडल्या की दिसतं. माझ्या कागदावर हा रकाना मी सर्वांत वर ठेवते. फिजिओची मिनिटं आठवड्यात दुरुस्त होतात, गेलेली पाच वर्षं होत नाहीत.

वैद्यकीय भागात मात्र सारखेपणा शोधू नका, इथे सारखं देणं म्हणजेच कमी देणं होऊ शकतं. खेळशास्त्रातलं बरंचसं संशोधन पुरुषांवर झालेलं आहे. 2014 ते 2020 मधले पाच हजारांहून अधिक शोधनिबंध तपासले गेले तेव्हा फक्त स्त्रियांवरचे सहा टक्के निघाले. म्हणून प्रश्न असे विचारा: मासिक पाळी थांबली तर खेळाडूने कोणाला सांगायचं हे ठरलंय का? सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय हे कोणी बघतं का? या स्थितीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये रेड-एस हे नाव दिलं, आणि ती पुरुषांनाही होते; वजन उतरवणाऱ्या हलक्या गटात मी ती मुलांमध्येही पाहिली आहे. बाळंतपणानंतर मानधन आणि संघातली जागा यांचं काय, हे लेखी आहे का? "आम्ही सांभाळून घेतो" हे उत्तर "नाही" म्हणून लिहा. आणि एक पथ्य: कोणाची पाळी कधी, कोणाचं रक्त किती, हे तुमच्या वहीत येताच कामा नये. सोय आहे की नाही एवढंच नोंदवा.

आता यश. पदकांऐवजी टक्का काढा. रोइंगमध्ये प्रत्येक प्रकाराची सुवर्णपदकाला लागणारी अपेक्षित वेळ ठरवतात आणि तिला आपल्या वेळेने भागतात. समजा मुलांच्या जोडीची लक्ष्य वेळ 6:10 आणि त्यांनी घेतली 6:25. म्हणजे 370 भागिले 385, 96.1 टक्के. मुलींची लक्ष्य वेळ 6:50 आणि घेतली 7:05. 410 भागिले 425, 96.5 टक्के. दोघंही पंधरा सेकंद मागे, तरी मुली किंचित जवळ. दोन खबरदाऱ्या घ्या. वारा वेगळा असेल त्या दिवसाची वेळ धरू नका. आणि लक्ष्य वेळ जुनी नाही ना ते बघा, कारण स्त्रियांच्या वेळा ज्या प्रकारांत भराभर सुधारतायत तिथे चार वर्षांपूर्वीचं लक्ष्य सोपं पडतं आणि टक्का फुगतो. एका शर्यतीवरून काही ठरवू नका, हंगामातल्या निदान चार घ्या.

हे सगळं एका पानावर आणा. दोन पानं कोणी वाचत नाही. समितीपुढे नेण्याआधी ते पान मुलांच्या प्रशिक्षकाला एकट्याला दाखवा. चुका असतील तर तोच काढेल, आणि बैठकीत पहिल्यांदा बघून चिडण्यापेक्षा तुमच्या खोलीत चिडलेला बरा. मागण्यांत बिनखर्चाची गोष्ट पहिली ठेवा. आम्ही पाण्याच्या पाळ्या आठवड्याआड बदलायला सांगितल्या, त्या पुढच्या सोमवारपासून बदलल्या. बोट यायला दोन वर्षं लागली.

पाळ्या बदलल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या क्रूने तक्रार केली, की वारा सुटल्यावर पाण्यात सराव होतच नाही. तारीख घालून तीही वहीत लिहून घेतली.