राखीव कॅमेऱ्यावर हात बसवताना

भर कार्यक्रमात माझा मिररलेस (आरसा नसलेला नवा कॅमेरा) बंद पडला, तेव्हा बॅगेतला निकॉन डी९०, माझा जुना आरसावाला डीएसएलआर, मी मोठ्या ऐटीत बाहेर काढला. अडीनडीला असावा म्हणून दोन वर्षं नुसता वागवलेला. पुढची दहा मिनिटं एक फोटो धड येईल तर शपथ. फोटोत उजेड कमी पडतोय की जास्त होतोय ते दाखवणाऱ्या त्याच्या एक्स्पोजर पट्टीवर अधिकची बाजू डावीकडे, मला सवय उजवीकडची. खुणा डावीकडे सरकलेल्या दिसल्या की उजेड कमी पडतोय असं समजून मी शटर आणखी मंद करत गेलो. सगळे चेहरे पांढरेफटक. चूक माझीच, हात बसलेला नव्हता.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार फक्त डी९०चा. गंमत म्हणजे त्यामुळे माझं नव्या कॅमेऱ्यावरचं कामही सुधारलं.

आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवा. नाहीतर नंतर फोटो क्रमाने लावताना डोकं उठतं. लेन्स एकच, माझी ३५ मिमी. डी९०च्या लहान सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ती फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या साधारण ५२ मिमीसारखी दिसते. झूम घरी ठेवायचा. ऑटो आयएसओ बंद, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते कॅमेऱ्याने आपोआप बदलायचं नाही. मोड मॅन्युअल, सगळे आकडे आपणच ठरवायचे.

आता खरा अभ्यास. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) फोटो किती उजळ येणार ते आधीच दिसतं. डीएसएलआरमध्ये नुसतं समोरचं दृश्य दिसतं, फोटो डोक्यात तयार करावा लागतो. म्हणून मीटर, म्हणजे कॅमेऱ्याचा उजेडमापक, बघायच्या आधी आकडा मोठ्याने बोला. भर उन्हात आयएसओ २०० असेल तर एफ १६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटर १/२०० सेकंद, हा पाया. एफ ८ वर आलात तर शटर १/८००. मोकळ्या सावलीत साधारण तीन स्टॉप उघडायचे (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे एफ ५.६ आणि १/२००. अंदाज वहीत लिहा, संध्याकाळी फोटोच्या माहितीशी ताडून बघा. पहिल्या रविवारी मी सावलीत दर वेळी एक स्टॉप कमी पडत होतो. हे स्क्रीन बघत काम करताना कधी कळलंच नसतं.

मागच्या स्क्रीनवर कागद चिकटवा. काढलेला फोटो लगेच दाखवणारा रिव्ह्यू मेनूतून बंद करून भागत नाही, बोट सवयीने प्लेच्या बटणावर जातंच.

डी९०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमचा ९६ टक्केच भाग दिसतो. खिडकीशी वाचत बसलेल्या आजींचा एक फोटो मला छान जमला होता. चष्म्याच्या काडीवर उजेडाची बारीक रेघ, बोट ओळीखाली. घरी येऊन पाहतो तर उजव्या कडेला लाल बादलीचा कान! व्ह्यूफाइंडरमध्ये तो नव्हताच. आता बटण दाबण्याआधी कॅमेरा किंचित इकडेतिकडे हलवून कडेबाहेर काय दबा धरून बसलंय ते बघतो. १०० टक्के दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावरही नजर आपोआप चारही कोपरे फिरून येते.

आयएसओची मर्यादा मी स्वतःला ८०० घातली आहे. अंधार वाटला की आकडा वाढवायचा नाही, माणसाला खिडकीजवळ बोलवायचं. तेही जमण्यासारखं नसेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता बटण दाबा आणि शटर १/६०च्या खाली नेऊ नका.

जुन्या फिल्म रोलसारखे ‘दिवसाला ३६च फोटो काढा’ हा सल्ला मात्र मला पटत नाही. मोजण्यातच अर्धं लक्ष जातं.

बॅग भरण्यापूर्वी एक खेळ: डोळे मिटून दोन्ही कॅमेऱ्यांवर आयएसओचं बटण शोधा. डी९०वर ते स्क्रीनच्या डावीकडच्या रांगेत आहे. माझं बोट अजूनही अधूनमधून शेजारच्या व्हाइट बॅलन्सवर (रंगछटा जुळवायच्या बटणावर) पडतं.